कढईचा कान

आमच्या भागात ज्याच्या घरी पाण्याचं लोखंडी पिंप आहे, त्यानं एकदा वाकून बुडाशी बघावं. तिथं हातोडीचे बारीक, एकसारखे ठसे दिसले तर ते पिंप माझ्या भावानं सरळ केलंय. दुसऱ्या कुणाचा हात तसा नाही. मी थोरला आहे म्हणून म्हणत नाही. थोरला नसतो तरी म्हटलं असतं.

मी चार बुकं शिकलो, त्यातलं चौथं अर्धंच. पण मालाची गाडी चालवली ती अशी, की नोकरी सोडायच्या दिवशी मालक गाडीभोवती फिरफिर फिरला आणि एक ओरखडा सापडेना म्हणून तोच खट्टू झाला. आमच्या घरात कच्चं काम कुणाला येतच नाही. मी रस्त्यावर, धाकट्या पत्र्यावर. त्याला सगळे धाकट्याच म्हणतात आणि त्याच्या बायकोला धाकटी. म्हणत होते. धाकटी आता नाही.

धाकट्या पिंपाच्या कारखान्यात होता. तेलाची, रंगाची पिंपं रिकामी होऊन यायची, पोचे पडलेली, चेपलेली. आतून गज लावायचा, बाहेरून हातोडी मारायची आणि पोचा काढायचा. पिंप पोकळ असतं. बाहेर एक ठोका मारला की आत दहा वाजतात, आणि माणसाचं डोकं पिंपाच्या तोंडाशीच. हळूहळू त्याचे कान बसले. एकदा मला विचारतो, "दादा, हल्ली सगळी माणसं कुजबुजत का बोलतात रे?" मी गाडीवाला, माझा आवाज पुलापलीकडं जातो. तेव्हाच मला कळलं.

डॉक्टरनं कागदावर लिहिलं, बधिर. मी विचारलं, "बधिर म्हणजे बहिरा, का हातापायाला मुंग्या येऊन होतं ते?" डॉक्टर म्हणाला, "शब्द एकच आहे. इथं कानापुरता समजा."

कान गेले, पण काम गेलं नाही. डावा तळवा पिंपावर ठेवायचा आणि उजव्या हातानं ठोकायचं. पत्रा सरळ झाला की तळव्याला वेगळं लागतं म्हणे. कारखान्यात नवीन माणसांना दाखवायला त्याच्याकडं पाठवायचे. मुदत भरली तेव्हाच तो घरी बसला.

घरात धाकटी त्याचे कान होती. ती समोर बसायची आणि नुसते ओठ हलवायची. आवाज काढून उपयोग नाही तर काढायचा कशाला, असा तिचा हिशेब. तोही तसाच उत्तर द्यायचा. वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीला किती वर्षं वाटायचं की या दोघांत अबोला आहे. मग एकदा खिडकीतून दोघं पोट धरून हसताना दिसली, आवाज नाही काही नाही, तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं मीच बहिरी झाले."

दारासाठी धाकटीनं एक युक्ती केली होती. बाहेर एक दोरी लोंबायची. ती चौकटीच्या भोकातून आत जायची आणि धाकट्याच्या खुर्चीसमोर तारेवर टांगलेल्या पंच्याला बांधलेली होती. बाहेरून दोरी ओढली की आत पंचा हलायचा. पाहुणा आला.

धाकटी गेली ती साधीच गेली. ताप आला, छातीत उतरला. दवाखान्यात पायरी चढताना मला म्हणाली, "दादा, ह्यांचं जेवण बघा." बघतो म्हटलं. दोन दिवसांनी दवाखान्यातून माणूस बाहेर आला आणि माझ्याशी बोलला. मी धाकट्याला सांगितलं. त्यानं मान हलवली.

रडला नाही. लोक म्हणाले धक्का बसलाय, रडू दे त्याला. आता तो रडत नाही तर आम्ही काय करणार? तो खुर्चीवर बसायचा. सकाळी त्या खुर्चीवर, दुपारी त्याच. डबा आमच्याकडून जायचा. तो रिकामा यायचा, घासलेला. काय होतं विचारलं तर सांगता यायचं नाही त्याला. मलाही काही वाटत नव्हतं, खरं सांगायचं तर. डबा न्यायचा, डबा आणायचा.

एक दिवस त्यानं पंचा धुवायला काढला. मळला होता म्हणून. धुतला, वाळत घातला आणि परत टांगलाच नाही. त्याच आठवड्यात स्वतःच भाताचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि खिडकीकडं तोंड करून बसला. भात जळला, पातेलं जळलं, धूर जिन्यात आला. शिंपीण खाली धावली, दोरी ओढून ओढून तुटली, आत हलायला पंचा नाही. शेवटी घरमालकाकडून किल्ली आणून दार उघडलं. धाकट्यानं मागं वळून बघितलं आणि म्हणाला, "बसा."

दुसऱ्याच दिवशी त्याची पोरगी आली. एकुलती एक. तिकडं लांबच्या शहरात औषधांच्या दुकानात असते. आमच्या घरातली पहिली मुलगी, जिच्यापुढं डॉक्टरसुद्धा चिठ्ठी नीट अक्षरात लिहितात.

"काका, बाबांना मी नेते," ती म्हणाली.

"कुठं?"

"कुठं म्हणजे? माझ्याकडं."

"माझा भाऊ लेकीच्या दारात जाऊन बसणार नाही. स्वतःचं घर आहे त्याचं."

"घर आहे, पण माणूस पेटला तरी कळायचं नाही. अभिमानानं आग विझते का काका?"

"त्याला विचारलंस?"

"विचारलं. हो म्हणाले."

"मीही विचारलं," मी म्हटलं. "इथंच राहायचंय ना म्हणून. मलाही हो म्हणाला."

दोघांनी धाकट्याकडं बघितलं. त्यानं मान हलवली.

पोरगी ओट्याकडं गेली. जळक्या पातेल्यात पाणी घालून ठेवलं होतं, त्यात बघत होती. मग म्हणाली, "बरं. रविवारी मी परत येते. बाबांनी एकट्यानं, या गॅसवर, एक भाजी करून मला वाढायची. साधी पालकाची. आई करायची ती. नीट झाली तर मी शब्द काढणार नाही. नाहीतर सामान बांधायचं आणि तुम्ही मध्ये पडायचं नाही."

"झालंच समज," मी म्हटलं. "मी शिकवतो."

"तुम्हाला येते?"

"पालक म्हणजे काय विमान आहे?"

घरी येऊन आमच्या हिला विचारलं. ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून चहा सोडून काही केलं नाही, आता भाऊ शिकवणार भावाला." पण सांगितलं तिनं सगळं. पालक निवडायचा, जाड देठ काढायचे, भरपूर पाण्यात धुवायचा. माती तळाला बसते, म्हणून पालक वरून उचलायचा, पाणी ओतायचं नाही. तेल तापलं की मोहरी. मोहरी तडतडली की जिरं, ठेचलेला लसूण, सुकी मिरची. मग कांदा, मग हळद, मग चिरलेला पालक. "आणि मीठ पहिलं नाही टाकायचं," ती म्हणाली. "पालक दिसतो ढीगभर आणि होतो मूठभर. ढीग बघून मीठ टाकलंत तर गिळवणार नाही. भाजी बसली की मीठ." मी पाठ केलं. माझी पाठांतराची ताकद वेगळीच आहे, सगळ्या रस्त्यांचे फाटे अजून पाठ आहेत.

दुसऱ्या दिवशी दोन जुड्या घेऊन गेलो. दार ढकललं, लोटलेलंच होतं. धाकट्या खुर्चीवर. मी जुड्या ओट्यावर ठेवल्या. तो उठला आणि न सांगता निवडायला बसला. धुतल्या, चिरल्या. धाकटीची लोखंडी कढई काढली, जाड, काळी, दोन बाजूंना दोन कान. इथवर ठीक होतं.

मग तेल तापलं आणि मोहरी पडली. मी त्याच्या मागं उभा. मोहरी तडतडायला लागली.

"लसूण!" मी ओरडलो.

काही नाही. त्याची पाठ माझ्याकडं. मोहरी उडून माझ्या मनगटाला लागली. बहिऱ्या माणसाच्या पाठीमागं उभं राहून मी फोडणी शिकवत होतो, हे माझ्या ध्यानात आलं तोवर मोहरी काळी पडली होती. मग मी फिरून त्याच्या समोर गेलो. कांदा गेला, हळद गेली, पालकाचा ढीग गेला, कढईच्या वर डोंगर. त्यानं मिठाचा डबा हातात घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

मी स्पष्ट सांगितलं, "आत्ता नको."

त्यानं मान हलवली आणि मूठभर मीठ ढिगावर टाकलं.

भाजी बसली. मूठभर झाली, मीठ तेवढंच राहिलं. मी एक घास घेतला आणि मोरीकडं गेलो. परत आलो तर धाकट्या जेवत होता. भातात कालवून, सावकाश. ताट पुसून संपवलं त्यानं.

"कशी झालीय?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली.

चालत घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. जिभेवर तेवढं मीठ होतं. हिला सांगितलं, "मी नको म्हणालो आणि त्यानं टाकलं. वर सगळं खाल्लं. त्याचं काही खरं नाही. नेऊ दे पोरीला."

हिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "तुम्ही नको म्हणालात ते त्यांना दिसलं का?"

"समोर उभा होतो."

"तुम्ही उभे होतात. तोंड कुठं होतं?"

इथं माझ्या मिशीबद्दल सांगावं लागेल. गाडीवाल्यांत माझी मिशी नावाजलेली. नाकाखालून निघते ती वरचा ओठ झाकून खालच्या ओठावर टेकते. जकात नाक्यावर मला नावानं नाही, मिशीनं ओळखायचे. ही म्हणते की आमच्या घरात अर्धा चहा मिशीच पिते.

"धाकटी म्हणायची मला," ही म्हणाली. "दादा बोलले की मला दुसऱ्यांदा बोलावं लागतं. ह्यांना दादांचं काही दिसत नाही, नुसती मिशी हलते."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तुमच्या मिशीबद्दल तुम्हाला कोण सांगणार? आणि भावजी तर दादा म्हणतील त्याला मान हलवणारे."

मी खाटेवर बसलो. धाकटी असताना मी काय काय बोललो असेन त्याच्याशी. ओव्हरटाइम करू नको. पोरीला शिकव. कानात कापसाचे बोळे घालत जा, हे तर दर भेटीला. ती शेजारी असली तर पोचलं असेल. ती आत स्वयंपाकात असेल तेव्हाचं काय, ते आता कळायला मार्ग नाही. आणि ती गेल्यावर दवाखान्याच्या बाहेर मी त्याला सांगितलं, त्यानं मान हलवली. तेव्हा त्याला काय दिसलं असेल? मला काही वाटायला हवं होतं. मी खाटेची पट्टी बघत राहिलो, एक सैल झालीय.

सकाळी न्हाव्याकडं गेलो. तो म्हणाला, "कोरायची ना, नेहमीसारखी?"

"काढायची."

"कुणाची?"

"तुझी काढणार आहे का मी? माझी. सगळी."

त्यानं वस्तरा दोनदा खाली ठेवला. शेवटी काढली. ओठाला गार लागलं. जागा बधिर झाल्यासारखी वाटत होती, इंजेक्शन दिल्यावर होते तशी. हीही बधिरच म्हणायची, मी म्हटलं. ओठापुरती.

तसाच धाकट्याकडं गेलो. त्यानं मान वर केली आणि बघत राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, आणि धाकटी गेल्यापासून त्याचं एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं, "दादा, तू आईसारखा दिसतोस."

"गप्प बस," मी म्हटलं. त्याला दिसलं. त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

मी खुर्ची त्याच्या समोर ओढली. "मीठ कधी टाकायचं?"

"बसली की."

"माहीत आहे तुला?"

"ती रोज म्हणायची. बसली की मीठ."

"मग काल ढिगावर का टाकलंस?"

"तू म्हणालास ना, आता टाक."

आता, आत्ता. नको, टाक. मिशीतून त्याला जे दिसलं ते त्यानं केलं. माहीत असून केलं, कारण दादानं सांगितलं. असा भाऊ आजकाल दाखवा मला एक तरी.

"आणि खाल्लंस कसं ते?"

"कळलं नाही," तो म्हणाला. "सगळं सारखंच लागतं."

मी म्हटलं, "रविवारी मी मध्ये पडणार नाही. तुझं तू कर." त्यानं मान हलवायला सुरुवात केली. मी बोट वर केलं. "मान नको. बोल."

"करीन," तो म्हणाला.

रविवारी पोरगी आली. माझ्याकडं बघून दारातच थांबली. "काका, तुमची..."

"गेली," मी म्हटलं. "बस."

तिनं काही विचारलं नाही. ओट्याजवळ स्टूल घेऊन बसली. मी भिंतीला टेकून हाताची घडी. धाकट्यानं पालक वरून उचलून पातेल्यात काढला, खाली माती राहिली. लसूण ठेचला. कढई ठेवली, तेल ओतलं. मग त्यानं सांडशी घेतली, तिच्यात कढईचा एक कान धरला आणि तसाच उभा राहिला.

मोहरी टाकली. पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी ओठ मिटले. आता मिटलेले दिसतात, हीही एक पंचाईतच.

मोहरी तडतडली. धाकट्याचं लक्ष कढईत नव्हतंच, भिंतीवर कुठं तरी होतं. पण सांडशी धरलेला हात जरा सैल झाला, दुसऱ्या हातानं जिरं गेलं, पाठोपाठ लसूण, मिरची. बरोबर वेळेला. पिंपावर तळवा ठेवायचा तसाच तो कढईचा कान धरून होता. लोखंडातून, सांडशीतून मोहरी त्याच्या हातात येत होती. हे त्याला मी शिकवलं नाही, आणि धाकटीनंही नसणार. तिला मोहरी ऐकू यायची.

कांदा, हळद, पालक. डोंगर झाला. धाकट्यानं मिठाच्या डब्याकडं बघितलंसुद्धा नाही. हलवत राहिला. डोंगर उतरला, पाणी सुटलं, आटलं. कढईच्या तळाला मूठभर हिरवं राहिलं. त्यानं गॅस बारीक केला.

"बसली," तो म्हणाला. कुणाला ते माहीत नाही. मग मीठ टाकलं, बोटांनी, चव न बघता.

पोरगीला भातावर वाढलं, मला वाढलं, स्वतःला घेतलं. ती खाली बघून जेवत होती. अर्धं ताट झाल्यावर म्हणाली, "लसूण जरा जास्त लाल झालाय."

"ते सांडशी गरम झाली म्हणून," मी म्हटलं. "हात बदलावा लागला त्याला."

"काका, तुम्ही मध्ये पडणार नव्हतात."

"मी लसणाबद्दल बोललो."

तिनं हात धुतला. मग बापाच्या समोर बसली आणि आईसारखे नुसते ओठ हलवले. मी बाजूला होतो, मला दिसलं नाही. धाकट्याची मान हलली. हो.

पोरगीनं माझ्याकडं बघितलं. "बघा. मी विचारलं सामान बांधू का."

मी उठलो, खुर्ची तिच्या शेजारी ठेवली आणि धाकट्याच्या समोर बसलो. "मान हलवू नको," मी म्हटलं. "तिनं काय विचारलं?"

"सामान बांधू का."

"आणि तुला काय पाहिजे?"

हे मी त्याला कधी विचारलं होतं का, आठवत नाही. मी नेहमी सांगायचो. तो आमच्या दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होता. नळ थेंब थेंब गळत होता, ते आम्हालाच ऐकू येत होतं.

"बांधू नको," तो म्हणाला.

"का, बाबा?" या वेळी पोरगीनं आवाज काढूनच विचारलं.

त्यानं कढईकडं बघितलं. मग ओट्याकडं बोट केलं. "तुझ्या घरी ती पातळ कढई आहे. एकच दांडा, तोही प्लास्टिकचा. तिला कान नाहीत."

पोरगी हसली नाही, रडली नाही. उठली आणि म्हणाली, "पंचा कुठंय?"

तो कपाटात होता, घडी केलेला. तिनं आणून त्याच्या हातात दिला. "किल्ली एक शिंपीणकाकूंकडं. गॅसवर काही असेल तर खुर्ची गॅसकडं तोंड करून. आणि काका, तुम्ही परत मिशी वाढवलीत तर मी यांना घेऊन जाईन."

"मिशी काढलेला माणूसही थोरलाच असतो," मी म्हटलं.

"तेच म्हणतेय. म्हणून तर तुमच्यावर सोडून जातेय."

ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. धाकट्यानं नवीन दोरी घातली, चौकटीतून ओढून घेतली, पंचा तारेवर टांगला आणि खुर्चीवर बसला, होता तसाच. चेहऱ्यावर काही नाही. उरलेली भाजी झाकून ठेवली होती. मी विचारलं, "चव लागली का आज?"

"नाही," तो म्हणाला. "उद्या परत करतो."

मी निघालो. दार लावून घेतलं. जिना उतरायला लागलो आणि परत वर आलो. दोरी बाहेर लोंबत होती. मी ओढली.

आत खुर्ची सरकली. दार उघडलं.

"काय राहिलं, दादा?"

"काही नाही," मी म्हटलं. तोंड नीट समोर धरून म्हटलं. "बघत होतो."